फळ्यावरचं कडं

मुलांनो, आमच्या शाळेत परिपाठाच्या वेळी रोज एक जण वर्तमानपत्रातल्या बातम्या वाचून दाखवतो. वाचताना अडखळला तरी चालतं, पण न कळलेला शब्द तसाच पुढे रेटायचा नाही, असा आमचा नियम आहे. ऑगस्ट २०२५ मधली गोष्ट. सातवीतल्या एका मुलानं खेळाच्या पानावरची छोटीशी बातमी वाचली. सौदी अरेबियातल्या जेद्दा शहरात आशिया चषक बास्केटबॉल स्पर्धा चालू होती आणि भारत पहिल्याच सामन्यात जॉर्डनकडून जादा वेळेत हरला होता. एवढं वाचून तो थांबला.

"मॅडम, भारत पात्रता स्पर्धेतून इथवर आला असं लिहिलंय. भारत तर आशियातच आहे ना? मग आशियाच्या स्पर्धेला जायला परीक्षा कशाला?"

पोरं खो खो हसली. मला मात्र हसू आलं नाही, कारण प्रश्न चांगला होता. घरच्या लग्नाला जायला आमंत्रणपत्रिका कशाला, असंच त्याला विचारायचं होतं.

मधल्या सुट्टीनंतर आम्ही आशियाचा नकाशा भिंतीवर लावला. मुख्य स्पर्धेत जागा फक्त सोळा, आणि खेळायला तयार देश त्याच्या कितीतरी पट. सगळेच आले तर स्पर्धा संपायची कधी? म्हणून आधी निवड करावी लागते. पूर्वी त्यासाठी आशियाचे विभाग पाडलेले होते: पूर्व, आग्नेय, दक्षिण, मध्य, पश्चिम आणि आखाती. प्रत्येक विभागाची आपापली स्पर्धा व्हायची आणि तिथला विजेता पुढे जायचा. आपण दक्षिण आशियात. २०१४ साली आपला संघ काठमांडूला दक्षिण आशियाची स्पर्धा जिंकून पुढे गेला, २०१५ साली बंगळुरूला.

आता पद्धत बदलली आहे. २०२५ च्या स्पर्धेसाठी चोवीस संघ होते. चार-चार संघांचे सहा गट. प्रत्येक देशानं एकदा स्वतःच्या घरी आणि एकदा दुसऱ्याच्या घरी जाऊन खेळायचं. प्रत्येक गटातले पहिले दोन थेट आत.

"सहा दुणे बारा," एक मुलगी म्हणाली. "मग चार जागा उरल्या की!"

बरोब्बर. त्या चार जागांसाठी तिसऱ्या क्रमांकावर राहिलेल्या सहा संघांना आणखी एक संधी मिळाली. त्यांचे तीन-तीनचे दोन गट केले आणि प्रत्येक गटातून दोघांना आत घेतलं. भारत इराण, कतार आणि कझाकस्तान यांच्या गटात होता आणि तिसरा आला होता. मग मार्च २०२५ मध्ये आपला संघ बहारीनची राजधानी मनामा इथं गेला, इराकला हरवलं, यजमान बहारीनलाही हरवलं आणि जेद्दाचं दार उघडलं.

"आणि तिथं जाऊन हरला," बातमी वाचणारा मुलगा म्हणाला.

पुढच्या चार-पाच दिवसांत त्यानं उरलेल्या बातम्याही शोधून वाचल्या. चीनकडून हार, सौदी अरेबियाकडून हार. तिन्ही सामने गेले. शेवटी चषक जिंकला ऑस्ट्रेलियानं, तोही चीनला एका गुणानं हरवून, ९०-८९. ऑस्ट्रेलिया आशियात कधी आला, यावर वर्गात जोरदार वाद झाला. नकाशात तो आशियात नाहीच. पण बास्केटबॉलमध्ये ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड हे २०१७ पासून आशिया चषकात खेळतात. भूगोलाच्या पेपरात मात्र असं लिहू नका, गुण जातील!

आता तुम्हाला वाटेल, येरमाळ्याच्या पोरांना बास्केटबॉलचं एवढं काय? आमच्याकडे खेळ म्हणजे खो-खो आणि कबड्डी. आमच्या धाराशिव जिल्ह्यातल्या सारिका काळे यांनी भारताच्या महिला खो-खो संघाचं नेतृत्व केलं आणि २०१६ साली गुवाहाटीला झालेल्या दक्षिण आशियाई खेळांत सुवर्णपदक आणलं. २०२० साली त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. आमच्या शाळेतल्या मुली खो-खोच्या पाटावर बसल्या की स्वतःला सारिकाताईच समजतात.

पण आमच्या मैदानावर एक कडं आहे. त्याची गोष्ट अशी. डीएडला असताना आमच्या कॉलेजच्या बास्केटबॉल संघात मी होते. होते म्हणजे बाराव्या नंबरवर. पाण्याच्या बाटल्या आणि टॉवेल सांभाळायचं माझं काम. दोन वर्षांत मिळून मी मैदानात उतरले असेन दहा मिनिटं. पण त्या खेळाची ओढ मात्र तिथंच लागली. नोकरी लागल्यावर शाळेच्या अडगळीत एक जुना लाकडी फळा सापडला. खालचा कोपरा थोडा फुटलेला, बाकी दणकट. गावातल्या वेल्डिंगवाल्या दादांनी सळई वाकवून पंचेचाळीस सेंटिमीटर व्यासाचं कडं करून दिलं आणि एक लोखंडी खांब रोवला. त्यावर फळा आणि फळ्यावर कडं. मुलं त्याला रिंग म्हणत नाहीत, बास्केटही म्हणत नाहीत. कडंच म्हणतात.

कड्याची उंची जमिनीपासून दहा फूट, म्हणजे ३.०५ मीटर. दहाच का, माहीत आहे? डिसेंबर १८९१ मध्ये अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्ड गावी जेम्स नेस्मिथ नावाच्या शिक्षकानं हा खेळ शोधला. हिवाळ्यात मुलांना चार भिंतींच्या आत खेळवायचं होतं. त्यानं पीच फळांच्या दोन टोपल्या सज्जाच्या कठड्याला ठोकल्या. तो कठडा दहा फुटांवर होता, म्हणून टोपलीही दहा फुटांवर. टोपलीला बूड होतं, त्यामुळे चेंडू आत पडला की कुणीतरी शिडीवर चढून तो काढायचा! पुढे बूड गेलं, टोपली गेली, पण दहा फूट मात्र राहिले. एका शिक्षकानं हाताशी होतं त्यात काम भागवलं, ही गोष्ट मला फार आवडते. आमचा फुटका फळा पाहून मी हीच गोष्ट स्वतःला सांगते.

तर त्या ऑगस्टमध्ये नकाशा आणि चषक असं सगळं ऐकून मुलींनी एके दिवशी मला घेरलं. "मॅडम, आपण पण पात्रता खेळू!"

शालेय स्पर्धांची चढण तुम्हाला माहीत असेलच. तालुका, जिल्हा, विभाग, राज्य आणि मग राष्ट्रीय. आमच्या येडेश्वरीच्या डोंगरासारखंच ते. मधल्या पायऱ्या सोडून कुणी देवळात पोचत नाही. पण आमच्याकडे बास्केटबॉल खेळणाऱ्या शाळा इतक्या थोड्या की तालुक्याला सामनाच होत नाही, एकदम जिल्ह्यालाच जायचं. मी चौदा वर्षांखालील मुलींच्या संघाचा प्रवेश अर्ज भरला. मुली सात. त्यातली सहावीतली एक मुलगी आमची कप्तान. अंगानं बारीक, पण चेंडू हातात आला की सगळीकडे तिचं लक्ष. आपल्या कुठल्या मैत्रिणीपुढे जागा मोकळी आहे, हे तिला मान न वळवता कळायचं. आमचं मैदान मुरमाचं. त्यावर चेंडू नीट उसळत नाही, खड्यावर आपटून भलतीकडेच जातो. म्हणून मुली चेंडू आपटत पळण्यापेक्षा झटपट पास द्यायला शिकल्या.

सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यात अतिवृष्टी झाली, ते तुम्हाला आठवत असेल. शेतं तळी झाली, उभं सोयाबीन कुजलं. आमच्या मैदानावर चिखल आणि घराघरांत काळजी. स्पर्धेची तारीख पुढे गेली आणि दिवाळीनंतरची ठरली. एरवी कुणाला त्याचं काही वाटलं नसतं. पण आमच्या भागात दिवाळी म्हणजे काय, हे शहरातल्या मुलांना सांगायला हवं. दिवाळी झाली की ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून आधी उचल घ्यायची आणि चार-पाच महिने सांगली, कोल्हापूर, कर्नाटकात कुठंतरी कोपी टाकून राहायचं. रानात आई मोळ्या बांधते, बाप तोडतो आणि मोठी बहीण असेल तर ती धाकट्याला सांभाळते. म्हणजे तिची शाळा तेवढे महिने बंद.

आमच्या कप्तानाचं घर दरवर्षी जातं. पण दोन वर्षांपासून ती आजीजवळ मागं राहत होती. यंदा सोयाबीन गेलं, उचल जास्त घ्यावी लागली आणि घरात आता दीड वर्षाचा भाऊ होता. यंदा तिलाही न्यायचं ठरलं.

मी तिच्या घरी गेले. तिच्या आईनं चहा टाकला. "मॅडम, खेळू नको असं म्या म्हणत न्हाई. पर धाकट्याला कोन बगंल? मी मोळ्या बांधायच्या का त्याच्यामागं पळायचं?"

त्यावर माझ्याजवळ उत्तर नव्हतं. तिचे वडील इतका वेळ गप्प होते. मग त्यांनी विचारलं, "मॅडम, खरं सांगा. ह्या खेळात तुमी जिंकताल का?"

मुलांनो, खोटं बोलणं त्या वेळी सोपं होतं. "हो, नक्की जिंकू," म्हटलं असतं तर कदाचित काम झालंही असतं. पण ज्या माणसाचं शेत नुकतंच वाहून गेलंय त्याला खोटी आशा कशी दाखवायची? मी म्हटलं, "खरं सांगायचं तर अवघड आहे. शहरातल्या मुली वर्षभर सिमेंटच्या मैदानावर खेळतात. आपण बहुतेक हरू."

"मग कशापायी ठिवू लेकराला?"

"खेळासाठी ठेवू नका. शाळेसाठी ठेवा. पाच महिने गेले की गणित तुटतं, इंग्रजी तुटतं, मग मूल वर्गात मागं बसायला लागतं. खेळ हे एक निमित्त आहे."

ते काही बोलले नाहीत. मी उठले, तेव्हा दाराच्या आड ती उभी दिसली. तिनं सगळं ऐकलं होतं.

दुसऱ्या दिवशी मैदानावर ती माझ्यापाशी आली. "मॅडम, आपण हरणारच आहोत का?"

शिक्षकाची खरी परीक्षा अशा वेळी होते. तिच्या वडिलांना एक आणि तिला दुसरंच, असं तर सांगता येणार नव्हतं. "बहुतेक," मी म्हटलं.

"मग रोज सराव कशाला घेता?"

मी तिला खांबाजवळ बसवलं आणि २०१४ ची गोष्ट सांगितली. काठमांडूची पायरी चढून आपला संघ चीनमधल्या वुहान शहरात आशिया चषक खेळायला गेला. समोर खुद्द चीन, आशियातला सगळ्यात बलाढ्य संघ, तोही त्याच्या घरच्या मैदानावर. आणि भारतानं तो सामना जिंकला, ६१-५८! पुढच्याच वर्षी, २०१५ मध्ये, चांगशा शहरात आशियाई अजिंक्यपद स्पर्धा झाली. तिथं आपण पहिल्या आठांत पोचलो, पुन्हा चीनच समोर आला आणि या वेळी त्यानं आपल्याला दणकून हरवलं. मुलींचंही तसंच. २०१७ साली बंगळुरूला आशिया चषकाच्या दुसऱ्या श्रेणीच्या अंतिम सामन्यात आपल्या महिला संघानं कझाकस्तानला ७५-७३ असं हरवलं आणि वरच्या श्रेणीत जागा मिळवली. पुण्याची शिरीन लिमये त्या संघात होती. वरच्या श्रेणीत मात्र आपण तळाला राहिलो आणि २०२१ च्या स्पर्धेनंतर पुन्हा खाली आलो.

"म्हणजे वर जायचं आणि हरून खाली यायचं," ती म्हणाली.

"हो. पण वर गेल्याशिवाय वरचे कसे खेळतात ते कळत नाही."

तिला हे पटलं की नाही, कोण जाणे. ती उठली आणि चेंडू घेऊन कड्याकडे गेली.

तिच्या घरी काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. टोळीतच तिची चुलती होती, तिला यंदा फडात जायचं नव्हतं. कोपीवर थांबून धाकट्याला आपण बघू, असं तिनं कबूल केलं, एवढं नंतर कळलं. भाऊबीज झाली, ट्रॅक्टर निघाला आणि दुसऱ्या दिवशी कप्तान शाळेत हजर होती. डोळे सुजलेले होते. मी काही विचारलं नाही. हजेरी घेतली.

नोव्हेंबरात आम्ही एस.टी.नं धाराशिवला गेलो. मुलींच्या गटात आमच्यासकट चारच संघ. आमच्या समोर आलेल्या संघाच्या मुली उंच, पायात चांगले बूट, पाठीवर नंबर छापलेले. आमच्या नंबरांचे कापडी आकडे मी आणि आमच्या शाळेतल्या दुसऱ्या बाईंनी रात्री बसून शिवले होते. त्यातला सात उलटा शिवला गेला, ते मैदानावर गेल्यावर लक्षात आलं.

पहिल्यांदाच सिमेंटवर खेळताना मुलींची फजिती झाली. मुरमावर चेंडू गुडघ्यापर्यंत यायचा, इथं तो छातीपर्यंत उसळायला लागला. आमच्या मुलींचे हात त्याच्या खालून जायचे. पहिल्या काही मिनिटांत दहा विरुद्ध शून्य. मी विश्रांतीचा वेळ मागून घेतला. काय सांगावं सुचेना. तेव्हा कप्तानच म्हणाली, "आपटूच नका. आपल्यासारखं खेळा. पास द्या."

मग त्या पास देत खेळल्या. गुण फार झाले नाहीत, पण पंचाण्णव पौंडी वाटणारा समोरचा संघ दोन-तीनदा नुसता बघत राहिला. शेवटी सामना २६-७ असा आम्ही हरलो. सातपैकी पाच गुण कप्तानाचे, दोन बास्केट आणि एक फ्री थ्रो. चाळीस मिनिटांच्या आत आमची पात्रता स्पर्धा संपली. नंतर पोहे आणि केळी मिळाली.

परतीच्या गाडीत थोडा वेळ कुणीच बोललं नाही. येडशी आल्यावर एकीनं विचारलं, "मॅडम, भारत तिसरा आला तरी त्याला दुसरी संधी दिली. आपल्याला का नाही?"

"चोवीस संघ असले की देता येते. इथं होते चार."

"मग जास्त शाळांनी कडी लावायला पाहिजेत," कप्तान म्हणाली. मला हे तोपर्यंत सुचलं नव्हतं. एकाच पोरीच्या मागं लागून चालत नाही. आजूबाजूच्या शाळा खेळू लागल्या तर तालुक्याला सामना होईल, आणि आमच्या मुलींना वर्षात एका ऐवजी चार-पाच सामने मिळतील. भारतानं उशिरा सुरुवात केलीय असंही नाही. १९८० च्या मॉस्को ऑलिंपिकमध्ये आपला संघ खेळला होता. १९८१ साली कलकत्त्याला आशियाई स्पर्धा झाली, तेव्हा आपण पाचवे आलो. तरी मधली कितीतरी वर्षं आपण मागंच राहिलो. खालच्या पायऱ्यांवर गर्दी नसेल, तर वर कोण जाणार?

संध्याकाळी माझ्या फोनवर तिच्या वडिलांचा फोन आला. मागं फडातल्या माणसांचा आवाज, गाड्या भरायची घाई. मी फोन तिच्याकडे दिला.

"काय झालं?"

"हरलो."

"तुजं किती?"

"पाच."

पलीकडे थोडा वेळ शांतता. "हरल्यावर काय दिलं?"

"पोहे. केळं."

"बरं. शाळंत जात जा." फोन बंद.

ती फोन परत देताना हसत होती. मी मात्र आत कुठंतरी खजील होते. त्या माणसानं वर्षभराच्या अडचणीत एक मोठा निर्णय घेतला, आणि मी त्याला परत काय दिलं, तर सव्वीस विरुद्ध सात. पण जून ते मार्च तिची हजेरी जवळजवळ पूर्ण लागली. अपूर्णांकांची बेरीज तिला येऊ लागली. त्याची बातमी कुठल्या पानावर येत नाही, पण हजेरीपटात आहे.

चैत्री पौर्णिमेला येडेश्वरीची यात्रा भरते. तेव्हा फडावरून आलेली माणसं आपापल्या घरी असतात आणि गाव फुलून जातं. लांबलांबचे लोक येतात, आमराईच्या वाटेवर चुनखडीचे खडे वेचतात. त्या गर्दीत एके संध्याकाळी तिचे वडील शाळेच्या मैदानावर आले. धाकटा तिच्या कडेवर होता. त्यांनी फळ्याकडे पाहिलं, कड्याकडे पाहिलं, चेंडू हातात घेतला आणि फेकला. फळ्याखालूनच गेला. दुसरा खांबाला लागला. तिसरा कड्यावर आपटून बाहेर आला.

"लय उंच हाय की!"

"दहा फूट," ती म्हणाली.

मी धीर करून विचारलं, "यंदा दिवाळीला तिला ठेवाल ना मागं?"

त्यांनी चेंडू जमिनीवर ठेवला. "दिवाळीचं दिवाळीला बगू, मॅडम. पाऊस कसा पडतो त्यावर हाय."

यापुढे मी काही बोलले नाही. यात त्यांची काही चूक नाही आणि तिचीही नाही. तिच्यापुढची पात्रता स्पर्धा बास्केटबॉलची नाही, ती दरवर्षी दिवाळीला असते.

आम्ही मात्र एक काम सुरू केलं आहे. शेजारच्या दोन शाळांतल्या गुरुजींना भेटून आलो. एका शाळेत जुना फळा आहे. वेल्डिंगवाले दादा कडं करून द्यायला तयार आहेत. खांबाचं बघायचंय. उंची मोजायला टेप घेऊन आमची कप्तानच जाणार आहे. तुमच्या शाळेत कडं असेल, तर तुम्हीही एकदा त्याची उंची मोजून बघा. दहा फूट भरली, तर चेंडू घ्या आणि सुरुवात करा.